वल्हे पाण्याबाहेर असताना

रामकुंडावरची गोदावरी आणि गंगापूर रोडला केटीएचएम महाविद्यालयाच्या मागे दिसणारी गोदावरी या दोन वेगळ्या नद्या आहेत, असे मला गेल्या चार वर्षांत वाटू लागले आहे. रामकुंडावर घंटा, निर्माल्य, वाळत घातलेले पंचे आणि माणसेच माणसे; इथे मात्र पाणी रुंद आणि संथ आहे, आणि हिवाळ्यात सकाळी साडेसहाला पाण्यावर जो धुक्याचा थर असतो त्यातून एखादी सिंगल स्कल, म्हणजे एकाच माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायची शर्यतीची बोट, निघून जाते तेव्हा फक्त वल्हे कडीत फिरल्याचा आवाज येतो, टक्, आणि मग बराच वेळ काहीच नाही. ही बोट साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि रुंदीला इतकी कमी, की माणूस बोटीत बसला आहे की बोटीवर, हे सांगणे अवघड. नियमाप्रमाणे तिचे वजन किमान 14 किलो असावे लागते. घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरतात, जवळपास तेवढेच.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितले म्हणून मी इकडे येऊ लागलो आणि हळूहळू चालण्यापेक्षा काठावर बसणेच अधिक होऊ लागले. त्याला कारण तिथले रोइंगचे, म्हणजे वल्हवण्याच्या खेळाचे, प्रशिक्षक. त्यांचे नाव लिहायचे नाही, या अटीवरच त्यांनी मला हे लिहू दिले आहे. मूळचे निफाड तालुक्यातले, लष्करातून निवृत्त झालेले, वय पंचेचाळीसच्या आसपास, राष्ट्रीय स्पर्धांत सिंगल स्कलची पदके मिळवलेले. मुले त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सर म्हणतो. ते मला काका म्हणतात. सकाळी सहा-सात मुले-मुली पाण्यात उतरली की सर एका जुन्या मोटारबोटीतून त्यांच्या मागे जातात, आणि पहिल्या काही दिवसांत मला ज्या गोष्टीचे आश्चर्य वाटले, खरे सांगायचे तर थोडा रागच आला, ती ही की ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. गळ्यात भोंगा अडकवलेला, पण तो तोंडाला लावला जाई तो वीस-वीस मिनिटांनी एकदा, आणि तेव्हाही दोन-तीन शब्दांसाठी. हा गृहस्थ पगारापुरते काम करतो आहे, असा माझा समज झाला होता.

ओळख वाढल्यावर मी तसे विचारलेच. त्यांनी उलट मलाच प्रश्न टाकला.

"काका, बोट सगळ्यात जोरात कधी पळते, सांगा बरं?"

"वल्हं ओढतात तेव्हा."

"नाही. वल्हं पाण्याबाहेर असतं तेव्हा."

मी चौतीस वर्षे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली आहेत. जोर लावल्यावर वस्तू हलते आणि जोर काढल्यावर मंदावते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही असे मला वाटत होते. पण पुढे चार-पाच सकाळी मी बोटीच्या टोकाकडे नीट पाहत बसलो, आणि सरांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. रोइंगमध्ये बसायची सीट चाकांवर सरकते आणि पाय बोटीत पक्के बांधलेले असतात. खेळाडू गुडघे दुमडून पुढे येतो, वल्ह्याची पाती पाण्यात घालतो, आणि मग आधी पायांनी रेटा देतो, त्यानंतर पाठ, सर्वांत शेवटी हात. बघणाऱ्याला हातच दिसतात. काम मुख्यतः पायांचे असते. पाती पाण्याबाहेर आली की हात लांब करून, पाठ पुढे झुकवून तो पुन्हा पायांकडे सरकत येतो. या परतीला रिकव्हरी म्हणतात. आता जायच्या दिशेकडे पाठ करून बसलेला पंचाहत्तर किलोचा माणूस 14 किलोच्या बोटीवर मागच्या टोकाकडे सरकत असेल, तर ती हलकी बोट त्याच्या खालून पुढे रेटली जाणारच. म्हणूनच तिचा सर्वांत अधिक वेग या परतीच्या काळात असतो, आणि सर्वांत कमी वेग असतो तो पाती नुकतीच पाण्यात घुसते त्या क्षणी. नवशिक्या मुलगा घाईघाईने सरकत येतो, त्याचे सगळे वजन मागच्या टोकाशी आदळते आणि बोट गचका खाते. पळणारी बोट त्याने स्वतःच अडवलेली असते. वर, आपण जास्त मेहनत घेतली असेही त्याला वाटत असते.

हे कळल्यावर मला आठवली ती कानस. लोखंडाचा पृष्ठभाग कानशीने सपाट करायला शिकणाऱ्या प्रत्येक अप्रेंटिसची पहिली चूक म्हणजे परतताना दाब न काढणे. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना तिच्यावर दाब ठेवला तर दाते झिजतात, काम काहीच होत नाही. माझ्या हाताला हे इतके मुरलेले होते की मी पृष्ठभागावरून नख फिरवून सांगत असे, इथे अजून थोडे आहे. पण नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत मला अप्रेंटिस मुलांना शिकवायला बसवले, आणि तिथे मी फारसे काही करू शकलो नाही. मुलाचे चुकले की मी त्याच्या हातातून कानस काढून घेत असे आणि "हे बघ असं" म्हणून स्वतः चार हात मारून दाखवत असे. काम सुबक होई. मुलगा बाजूला उभा राहून पाही. माझा हात काय करतो ते त्याला दिसे, पण त्या हाताला काय जाणवते ते दिसणे शक्यच नव्हते, आणि ते सांगणारे शब्द माझ्याकडे नव्हते. एका हुशार मुलाने वर्ष पुरे व्हायच्या आत काम सोडले. जाताना तो म्हणाला, "तुम्ही असताना माझा हात चालत नाही." मला तेव्हा तो उद्धट वाटला होता.

सरांच्या गप्प बसण्यात मला जो रस निर्माण झाला, त्याचे मूळ इथे आहे.

नाशिक जिल्ह्यात रोइंगचे नाव घेतले की दत्तू भोकनळ यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या त्या भागातला, विहिरी खोदण्याच्या आणि दगड फोडण्याच्या कामावर वाढलेला मुलगा 2012 मध्ये लष्करात जातो, पुण्यात दापोडीच्या लष्करी केंद्रात आधी पाण्याची भीती घालवतो, मग वल्हे धरतो आणि चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये उतरणारा त्या वर्षीचा भारताचा एकमेव रोइंगपटू ठरतो. तिथे ते तेरावे आले. आमच्याकडे तेरावे म्हटले की लोक मान हलवून पुढच्या विषयाकडे वळतात; ज्या खेळात युरोपातली मुले लहानपणापासून तळ्यांवर वाढतात, त्या खेळात चार वर्षांच्या सरावावर तेरावे येणे म्हणजे काय, याचा अंदाज यायला एकदा त्या बोटीत बसून पाहावे. मी बसलो आहे. दीड मिनिटात पाण्यात होतो.

पण मला त्यांच्या कारकिर्दीतला जो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो तो रिओचा नव्हे, 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतला आहे. आजारी असताना ते वैयक्तिक अंतिम शर्यतीत उतरले आणि सगळ्यांच्या मागे, सहावे आले. दुसऱ्याच दिवशी क्वाड्रुपल स्कल्सची, म्हणजे चौघांच्या बोटीची अंतिम शर्यत होती. सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत दत्तू त्या बोटीत बसले आणि 6 मिनिटे 17.13 सेकंदांत भारताने सुवर्णपदक जिंकले. या दोन दिवसांच्या मधली जी रात्र आहे, ती खेळाडूइतकीच प्रशिक्षकांची रात्र आहे. आदल्या दिवशी शेवटचा आलेला, अंगात ताकद नसलेला माणूस उद्या बोटीत बसवायचा की नाही, बसवायचा तर त्याच्याशी काय बोलायचे आणि कोणती गोष्ट अजिबात काढायची नाही, हे त्या रात्री कोणीतरी ठरवले असणार. मी हे सरांना बोलून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चांगला कोच असेल तर जेवलास का म्हणून विचारलं असेल."

उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, हे वाक्य आपण क्रिकेटमुळे इतके ऐकले आहे की त्याचा विचार करायचे सोडून दिले आहे. रोइंगमध्ये या प्रश्नाला एक वेगळीच कड आहे. या खेळात खेळाडू जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. समोर त्याला दिसते ते मागे पडत चाललेले पाणी. बोट सरळ जाते आहे की नाही, पाती एका वेळी पाण्यात शिरतात की नाही, बोट कुठे अडते, हे सगळे तो बुडाखालच्या सीटवरून, तळव्यांतून आणि कानांनी ओळखतो. दोन हजार मीटरच्या शर्यतीत सव्वादोनशेच्या आसपास स्ट्रोक पडतात. पंधरा-वीस वर्षे जो हा खेळ खेळला, त्याचे ज्ञान डोळ्यांत साठलेलेच नसते. असा माणूस मोटारबोटीत बसला की आयुष्यात प्रथमच तो बोट बाहेरून पाहत असतो, आणि जे त्याच्या अंगाला ठाऊक आहे ते त्याच्या डोळ्यांना ओळखता येत नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी विजेता पुन्हा नवशिक्या होतो. फरक इतकाच की हे मान्य करायला तो तयार नसतो.

याला काही उजळ अपवाद आहेत. बजरंगलाल ताखर यांनी 2010 मध्ये ग्वांगझूला भारताला रोइंगमधले पहिले आशियाई सुवर्ण मिळवून दिले, तेही सिंगल स्कलमध्ये, आणि पुढे ते प्रशिक्षणाकडे वळले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरलेला बलराज पंवार त्यांच्याच हाताखाली घडला. पण ज्याच्याविषयी मी सर्वांत अधिक वाचले तो अमेरिकेतला हॅरी पार्कर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकता शिकता तो वल्हवायला शिकला. तिथल्या आठ जणांच्या बोटीने 1955 मध्ये इंग्लंडमधल्या हेन्लीला मानाचा ग्रँड चॅलेंज चषक जिंकला, तेव्हा तो त्या बोटीत होता. 1959 मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेत त्याने सिंगल स्कलचे सुवर्ण घेतले आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो पाचवा आला. त्यानंतर हार्वर्डला नवख्या मुलांचा प्रशिक्षक म्हणून लागला आणि 1963 मध्ये तिथल्या मुख्य प्रशिक्षकाचे अचानक निधन झाल्यामुळे सत्ताविसाव्या वर्षी सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली. हार्वर्ड आणि येल यांची चार मैलांची शर्यत 1852 पासून चालत आलेली. पार्करच्या हाताखाली हार्वर्डने ती 1963 पासून 1980 पर्यंत सलग अठरा वेळा जिंकली. 2013 च्या जूनमध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, तो त्याच नदीवर त्याच कामावर होता. मध्येच 1972 ला म्युनिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आठ जणांच्या बोटीला रौप्य आणि 1976 ला माँट्रियलमध्ये महिलांच्या बोटीला कांस्य, ही त्याचीच मेहनत.

हे आकडे कोणालाही मिळतील. मला त्यात अडकवून ठेवले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे हा माणूस अत्यंत अबोल म्हणून प्रसिद्ध होता. त्याने मान डोलावली की मुले आठवडाभर त्या मान डोलावण्याचा अर्थ लावत बसत, असे मी मनाशी चित्र रंगवतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा स्वतःचा गुरू. पेनसिल्व्हेनियात त्याला ज्याने शिकवले तो जो बर्क हाही आपल्या काळचा विजेता होता. हेन्लीचा डायमंड स्कल्स चषक त्याने 1938 आणि 1939 असा लागोपाठ जिंकला होता, आणि तोही रूढ पद्धत बाजूला ठेवून, दर मिनिटाला कितीतरी अधिक आणि आखूड स्ट्रोक मारण्याच्या स्वतः घडवलेल्या शैलीने. म्हणजे विजेत्याने विजेता घडवला आणि त्याने पुढे पन्नास वर्षे इतरांना. आपल्याकडच्या गायकीतली घराणी मला इथे आठवतात, पण एका फरकासह. घराण्यात गुरूचा आवाज शिष्याच्या गळ्यात ऐकू आला की आपण दाद देतो. रोइंगमध्ये मात्र उंची, हातापायांची लांबी, पाठीची लवचीकता प्रत्येकाची वेगळी असते, आणि गुरूने आपली शैली शिष्याच्या अंगावर चढवली तर अनेकदा शिष्याची पाठच जाते.

सरांनी ही चूक केली होती, आणि ती त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितली. प्रशिक्षक म्हणून पहिली दोन वर्षे ते मोटारबोटीत बसतच नसत. स्वतःची सिंगल स्कल घेऊन मुलांच्या शेजारून जात आणि "माझ्याकडे बघ" म्हणत. मुले त्यांच्याकडे बघत आणि स्वतःची बोट तिरकी करून घेत. शिवाय पदक मिळवलेल्या माणसाने शेजारून सहज पुढे निघून जाणे म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी उपाशीपोटी हरवणे. दोन वर्षांत नऊ मुले सोडून गेली. त्यातला एक, सरांच्या मते सगळ्यांत चांगल्या हाडापेराचा, आता द्राक्षाच्या पेट्या भरायच्या कामावर आहे. सर त्याला अजून भेटायला जातात.

मग एकदा कोणीतरी मोबाइलवर सरांचे वल्हवणे टिपले. ते पाहताना त्यांना धक्का बसला. मुलांना ते सांगत, परतताना आधी हात, मग पाठ, मग गुडघे, एकानंतर एक. चित्रणात ते स्वतः तसे करतच नव्हते. त्यांचे हात आणि पाठ जवळजवळ एकत्रच निघत होते, आणि तरीही बोट कुठे अडकत नव्हती. "वीस वर्षं जे केलं ते एक, आणि जे करतोय असं वाटत होतं ते वेगळंच," असे ते म्हणाले. त्या दिवसापासून स्वतःची बोट त्यांनी शेडमध्ये वरच्या फळीवर टाकली आणि मुले प्रत्यक्षात काय करतात एवढेच पाहायला सुरुवात केली. पाहायला लागल्यावर बोलणे आपोआप कमी झाले; कारण एका चुकीमागे दुसरी असते, तिच्यामागे तिसरी, आणि मूळ चूक सापडेपर्यंत भोंगा तोंडाला लावण्यात अर्थ नसतो. आता ते एका मुलाला एका सकाळी एकच गोष्ट सांगतात. गेल्या डिसेंबरात एका मुलीला सलग अकरा दिवस ते "अंगठे" एवढेच म्हणत होते. वल्ह्याच्या मुठीच्या टोकावर अंगठा बाहेरच्या बाजूला हलका दाबून ठेवायचा असतो, तो ती विसरत होती. बाराव्या दिवशी तिच्या बोटीचे डुलणे थांबले.

या कामाचे बाकीचे रूप फारसे रम्य नाही, आणि ते रम्य करून सांगायची माझी इच्छाही नाही. उन्हाळ्यात पाणवेली येतात आणि अख्खे पात्र हिरवे मैदान होऊन बसते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले ते बघायला धावतात. इथली मुले तेव्हा बोटी उचलून वरच्या शेडमध्ये नेत असतात आणि पुढचे काही आठवडे बंद खोलीत रोइंग मशीनवर घाम गाळतात, ज्याला ती सगळी मनापासून शिव्या देतात. आईवडील विचारतात ते पदकाविषयी नाही, भरतीविषयी. खेळाडूंच्या कोट्यातून लष्करात किंवा पोलिसात लागेल का, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि दत्तू भोकनळांच्या जिल्ह्यात तो प्रश्न कोणाला हास्यास्पद वाटू नये. सर त्याचे सरळ उत्तर देतात. मात्र त्यांना स्वतःला हे काम किती वर्षे करायचे आहे, असे विचारले की ते वरच्या फळीकडे पाहतात. हॅरी पार्कर उतारवयातही स्वतःच्या सिंगल स्कलमध्ये बसत असे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले होते. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, ज्याची मला आता सवय झाली आहे.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी मोटारबोट सुरू होईना. दोरी ओढून ओढून दोन मुलांचे हात दुखले, प्लग काढून पुसून झाला, मीही माझे टूलरूमचे ज्ञान पाजळून पाहिले. मागे मोटारबोट नसताना मुलांना पाण्यात सोडायचे नाही, हा त्यांचा नियम असल्याने सगळी काठावर बसून राहिली. मग त्या अंगठेवाल्या मुलीने, कोणाच्या सांगण्यावरून ते मला कळले नाही, शेडमधून सरांची बोट खाली काढायला लावली. चौघांनी ती उचलून आणली. धूळ होती. सरांनी ती ओल्या फडक्याने पुसली, कड्यांचे नट एकेक करून तपासले, वल्ही अडकवली आणि काही न बोलता ते बसले.

पुलाच्या दिशेने ते गेले आणि परत आले. मला यातले फार कळत नाही, पण वल्ही पाण्याबाहेर असताना बोट ज्या निवांतपणे पुढे जात होती, तसे मी इथे कोणाकडेच पाहिले नव्हते. मुले एका ओळीत बसून पाहत होती आणि कोणीही मोबाइल काढला नाही. सर काठाजवळ आले, वल्ही पाण्यावर आडवी टेकवून थांबले, आणि त्या मुलीने हात तोंडाशी नेऊन, अगदी त्यांच्यासारखे मोजून, हाक दिली, "सर, डावं लवकर निघतंय."

सरांनी आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिले. "सतरा वर्षं आमचे साहेब हेच ओरडायचे," ते मला म्हणाले, आणि त्यांनी बोट वळवून घेतली.